बंदूक मागणारे कोण होते?

(मालवण येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एकाने फोनवर विचारलं, "बंदुकीचो विषय? मगे पोलीस येतले ऐकूक." येऊ देत. त्यांच्याही उपयोगाचं थोडं बोलणार आहे.

बंदूक चांगली की वाईट, या वादात मी आज शिरणार नाही. त्या वादाला दोन्हीकडून भरपूर वक्ते मिळतात. मला कुतूहल आहे ते माणसांचं. 'आम्हाला शस्त्र बाळगण्याचा हक्क हवा' असं म्हणत जे पुढारी पुढे आले, ते कुठल्या घरातले, कुठल्या धंद्यातले, कुठल्या जातीतले होते? मागणीचे शब्द बरेचदा तेच असतात; मागणारा वकील आहे, निवृत्त हवालदार आहे की संस्थानिकाचा नातू आहे, यावर त्या शब्दांचा अर्थ ठरतो. दीडशे वर्षांची ही माणसं एकामागून एक पाहिली, की लक्षात येतं की ज्याला बंदूक रोजच्या कामाला लागते तो या रांगेत जवळजवळ कुठेच नाही. तो आपल्या जिल्ह्यात राहतो. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

आधी अमेरिका उरकून घेऊ, कारण हा विषय काढला की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तीच येते. तिथली नॅशनल रायफल असोसिएशन 1871 साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. यादवी युद्धात आपल्या शिपायांचा नेम फार वाईट होता, हे उत्तरेकडच्या अधिकाऱ्यांना टोचत होतं. संस्थापकांपैकी विल्यम चर्च लष्करी विषयांच्या नियतकालिकाचे संपादक, जॉर्ज विंगेट वकील, आणि पहिले अध्यक्ष जनरल बर्नसाइड. संपादक, वकील आणि जनरल, तिघांना हवी होती नेमबाजीची तालीम. हक्काचा शब्दही नव्हता. शंभर वर्षं ही संस्था मुख्यतः नेमबाजांची आणि शिकाऱ्यांचीच राहिली.

मग 1977 साली सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत रात्रभर गोंधळ होऊन जुनं नेतृत्व पडलं आणि हार्लन कार्टर आला. हा गृहस्थ सीमा पोलिसांचा प्रमुख राहिलेला. वयाच्या 17व्या वर्षी, 1931 साली, टेक्सासमधल्या लारेडो गावात त्याने रामोन कासियानो नावाच्या 15 वर्षांच्या मेक्सिकन वंशाच्या मुलाला गोळी घालून मारलं होतं. शिक्षा झाली, वरच्या कोर्टाने स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर ज्यूरीला नीट समजावलं नव्हतं म्हणून ती रद्द केली. ही गोष्ट त्याने पुढे पन्नास वर्षं झाकून ठेवली, नावाचं एक अक्षरही बदलून घेतलं. 1981 मध्ये वर्तमानपत्रांनी ती बाहेर काढली, तोवर संस्था पूर्ण त्याच्या हाती होती. सीमेवर माणसं अडवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्या हाती आल्यावर संस्थेची भाषाही सीमेवरची झाली: आत आम्ही, बाहेर ते. पुढे 1998 ते 2003 अध्यक्ष होता चार्ल्टन हेस्टन, 'बेन-हर'मधला नट. 1963 साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वॉशिंग्टन मोर्चात चाललेला माणूस! आणि 1991 पासून 2024 पर्यंत प्रत्यक्ष कारभार पाहिला तो वेन लापिएर याने. याचा पिंड ना शिपायाचा ना शिकाऱ्याचा. खासदारांना भेटणं, वळवणं, निधी गोळा करणं हा त्याचा धंदा. न्यूयॉर्कच्या ज्यूरीने फेब्रुवारी 2024 मध्ये संस्थेचा पैसा स्वतःवर उधळल्याबद्दल त्याला चाळीस लाख डॉलरांच्या वर परत भरायला लावले.

याच संस्थेची सनद घेऊन 1957 साली नॉर्थ कॅरोलायनातल्या मन्रो गावी एक क्लब निघाला होता, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. काढणारा रॉबर्ट विल्यम्स, कृष्णवर्णीय, नौदलाच्या मरीन दलातून परतलेला, आणि सभासद बहुतेक त्याच्यासारखेच माजी सैनिक. रात्री गाड्या भरून येणाऱ्या क्लू क्लक्स क्लानपासून आपल्या वस्तीचं रक्षण करायचं, एवढंच त्यांचं काम. विल्यम्सला ध्यानात ठेवा. त्याचा एक भाऊबंद आपल्याला दापोलीत भेटणार आहे.

आता आपल्याकडे. हत्यार ज्यांचं पिढीजात काम होतं अशी माणसं या भागातून संपली ती 1844-45 च्या बंडानंतर. गडकऱ्यांचं ते बंड कोल्हापूरकडे सामानगडावर सुरू झालं, सावंतवाडी संस्थानात मनोहरगडावर पेटलं; फोंड सावंत तांबुळकर आणि त्यांचे मुलगे त्यात उतरले, आणि पाठलाग करणारा कर्नल औटरॅम त्यांच्या मागे गोव्याच्या हद्दीपर्यंत गेला. त्या गडकऱ्यांनी 'हक्क' मागितला तो वतनाचा, शिबंदीच्या जागेचा. तलवार-बंदूक त्या जागेबरोबर आपोआप येत असे.

1878 साली लॉर्ड लिटनच्या सरकारने हत्यारांचा कायदा केला. त्याच वर्षी देशी वर्तमानपत्रांचा गळा आवळणारा कायदाही झाला. हत्यारांच्या कायद्यात गोऱ्यांना सूट, काही बड्या जमीनदारांना आणि मानकऱ्यांना सूट, बाकी सगळ्यांना परवाना. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केलं. लष्करी हिशेब खात्यातला हा कारकून रामोशांना बरोबर घेऊन डोंगरात शिरला. पण सनदशीर मागणी आली ती 1887 मध्ये, मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनात. अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी, तरुण बिपिनचंद्र पाल कायद्याविरुद्ध तावातावाने बोलले, आणि ठराव झाला. तो ठराव कुणी लिहिला असेल हे त्याच्या रचनेवरूनच कळतं. हत्यारं बाळगण्याची मोकळीक सगळ्यांना असावी. एखाद्याला किंवा एखाद्या समाजाला मनाई करायची तर सरकारने कारणं लेखी नोंदवावीत आणि ती प्रसिद्ध करावीत. 'लेखी कारणं द्या, प्रसिद्ध करा'! हे वाक्य वकिलाशिवाय दुसऱ्या कुणाच्या लेखणीतून उतरणार नाही. त्या काळच्या काँग्रेसमध्ये वकील, शिक्षक, संपादक. त्यांच्यातल्या बहुतेकांनी बंदूक हातात धरली असेल की नाही, शंकाच आहे. लोकांना त्रास होतो हे ठरावात आहे, पण मुख्य दुखणं वेगळं: आम्ही राजनिष्ठ असून आमच्यावर अविश्वासाचा डाग का? शिकलेल्या माणसाचा तो अपमान होता. आणि अपमान खराच होता. एखाद्या गोऱ्या कारकुनाला विनापरवाना पिस्तूल चालत होतं आणि हायकोर्टाच्या हिंदी वकिलाला चालत नव्हतं.

त्याच सुमारास कोकणात एक निवृत्त हवालदार वेगळ्याच भाषेत हेच मागत होता. गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे, महार समाजातले, 1886 साली लष्करातून निवृत्त होऊन दापोलीला राहिलेले. दापोली तेव्हा पेन्शनर शिपायांचं गावच होतं. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने महारांची लष्करभरती थांबवली. कोण लढवय्या जात आणि कोण नाही याचं इंग्रजांनी एक शास्त्र रचलं होतं. त्या शास्त्रात ज्यांनी कोरेगावच्या लढाईपासून मुंबई इलाख्याच्या पलटणी भरल्या त्यांना जागा उरली नाही. वलंगकरांनी अनार्य दोष परिहारक मंडळ काढलं होतं. त्या मंडळाच्या वतीने 1894 साली सेनापतींना उद्देशून अर्ज तयार केला: आमचे बाप-आजे तुमच्या पलटणींत लढले, आम्हाला पुन्हा घ्या.

हा शस्त्राच्या हक्काचाच अर्ज आहे. पण यात घरात बंदूक टांगण्याची गोष्ट नाही. यात पगार आहे, पेन्शन आहे, पोरांसाठी पलटणीची शाळा आहे, गणवेश अंगावर असेपर्यंत गावच्या पाटलाला मान खाली घालून 'जोहार' करावा लागत नाही ही सोय आहे. मद्रासच्या वकिलांना अपमान झाला म्हणून हत्यार हवं होतं. दापोलीच्या हवालदाराला हत्यार गेलं की पोट आणि मान दोन्ही जात होतं. मन्रोचा रॉबर्ट विल्यम्स मी लक्षात ठेवायला सांगितला तो यासाठी. दोघेही सैन्यात राहून आलेले, दोघांच्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवलेलं, आणि दोघांच्याही मागणीला त्यांच्याच देशातल्या सुशिक्षित मंडळींनी फारसं विचारलं नाही.

विसाव्या शतकात ही मागणी नागपूरकडे सरकली. तिथे दोन माणसं एकमेकांच्या अगदी उलट. एक मंचरशा आवारी, पारशी, गांधींच्या चळवळीतून आलेले. 1927 मध्ये त्यांनी हत्यारांच्या कायद्याविरुद्ध सत्याग्रह केला: विनापरवाना तलवारी घेऊन भर रस्त्यातून मिरवणूक. बंगालमधल्या स्थानबद्धांना सोडा, ही मागणी. लोकांनी त्यांना 'जनरल आवारी' केलं आणि सरकारने तुरुंगात टाकलं. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहून हा सत्याग्रह आपल्याला मान्य नसल्याचं सांगितलं. तलवार घेऊन अहिंसा, हे कोडं त्यांना पसंत पडणं शक्यच नव्हतं. पण 1930 च्या जानेवारीत सरकारपुढे ठेवलेल्या त्यांच्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने लोकांच्या नियंत्रणाखाली द्या, ही एक मागणी होतीच. पुढच्या वर्षी काँग्रेसच्या कराचीच्या ठरावातही, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मूलभूत हक्कांत आला. गांधींचं हे अंग आपण पोरांना शिकवत नाही.

दुसरे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून निघालेले नेत्रवैद्य, बोअर युद्धात वैद्यकीय पथकातून दक्षिण आफ्रिकेला जाऊन आलेले. युद्ध त्यांनी पाहिलं ते जखमा बांधणाऱ्याच्या जागेवरून, आणि परत आले ते समाजाला लष्करी शिक्षण द्यायचं हे वेड घेऊन. गोलमेज परिषदेला गेले, 1931 च्या मार्चमध्ये रोममध्ये मुसोलिनीला भेटले, त्याच्या पोरांच्या कवायतीच्या संघटना पाहून भारावले, आणि 1937 साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभं केलं. मुंज्यांच्या मागणीत व्यक्तीला जागा कमी. त्यांना हिंदू समाज एका रांगेत, एका ठेक्यात चालताना हवा होता. डॉक्टर रोग्याकडे पाहतो तसं ते समाजाकडे पाहत होते. दुर्बलता हा रोग, कवायत हे औषध. मला हे औषध धोक्याचं वाटतं. पण नागपूर-नाशिकच्या शिकलेल्या घरांत ते मोठ्या चवीने घेतलं गेलं, हे नाकारून चालणार नाही.

आता घटना समितीत येऊ, कारण या सगळ्या कथेचा कस तिथे लागला. 1 डिसेंबर 1948. स्वातंत्र्याच्या हक्कांचं कलम चर्चेला होतं. हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली की नागरिकाला शस्त्र ठेवण्याचा आणि बाळगण्याचा हक्क असावा. कराचीच्या ठरावाचा दाखला दिला. कामत मंगळूरचे, आयसीएस झालेले. 1938 मध्ये ती नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेले. पुढे होशंगाबादचे खासदार झाले आणि तिसऱ्या लोकसभेत प्रजा समाजवादी पक्षाच्या बाकांवर आपल्या वेंगुर्ल्याच्या नाथ पैंबरोबर बसले. नाथ पैंची भाषणं ऐकलेली माणसं या सभागृहात असतील. त्या बाकांचा दरारा त्यांना सांगायला नको. मला गंमत वाटते ती कामतांच्या पहिल्या नोकरीची. आयसीएस म्हणजे जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट होणारा माणूस. बंदुकीचा परवाना द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या खुर्च्या याच नोकरीतल्या. ती नोकरी आतून पाहिलेला माणूस सांगत होता, की साहेबाच्या मर्जीवर हे सोडू नका.

उत्तर दिलं डॉ. आंबेडकरांनी. दापोलीच्या पेन्शनरांच्या जगातून आलेल्या सुभेदार रामजींचा मुलगा. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहावी म्हणून ज्यांनी सरकारचा पिच्छा पुरवला ते. अशा माणसाने कामतांची बाजू घ्यायला हवी होती, असं वाटेल. त्यांनी दुरुस्ती नाकारली. आजच्या परिस्थितीत हक्कापेक्षा शस्त्र धरण्याचं कर्तव्य महत्त्वाचं, असं ते म्हणाले: देशावर वेळ आली तर राज्याने नागरिकाला बोलावावं आणि त्याने यावं. शिवाय सरसकट हक्क दिला तर चोर-दरोडेखोरही तो मागतील. दुरुस्ती पडली.

आंबेडकरांच्या उत्तराचा अर्थ मी त्यांच्या घराच्या इतिहासातून लावतो. पटलं नाही तर नंतर भांडा. ज्या गावात महाराला विहीर नाही, तिथे सगळ्यांना बंदुकीचा हक्क दिला तर ती पहिली कुणाच्या घरात जाईल? पाटलाच्या. जमीन त्याची, पैसा त्याचा, पोलीस पाटील त्याचा. वलंगकरांनी शस्त्र मागितलं ते पलटणीतलं, म्हणजे कायद्याखालचं आणि गणवेशातलं. कारण त्या एकाच जागी महाराचं हत्यार आणि मराठ्याचं हत्यार बरोबरीला येत होतं. आंबेडकरांनी 'कर्तव्य' म्हटलं तेव्हा त्यांच्या मनात पलटण असणार. कामतांचा युक्तिवाद व्यक्ती आणि सरकार या दोघांपुरता आहे. आंबेडकर तिसऱ्याकडे, शेजाऱ्याकडे, पाहत होते. भारतात शस्त्राच्या हक्काचा प्रश्न इतक्या नेमकेपणाने पुन्हा कधी बोलला गेलेला मला दिसत नाही.

हक्काचं दार तिथे बंद झालं आणि दोन-तीन वर्षांत शेजारचं एक दार उघडलं. 17 एप्रिल 1951 रोजी नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. संस्थापक आणि पहिले अध्यक्ष कोण? गणेश वासुदेव मावळणकर, पुढे लोकसभेचे पहिले सभापती. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वरजवळच्या मावळंग्याचं, वास्तव्य अहमदाबादला, पेशा वकिलीचा. खेडा सत्याग्रहात राबलेला, गांधींच्या हाताखाली तुरुंगात गेलेला माणूस रायफल संघटनेचा अध्यक्ष! विरोधाभास वाटतो, पण कराची ठराव आठवला की वाटणार नाही. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा अजून दर वर्षी होते.

पुढे ही संघटना कोणाच्या हाती गेली, ते पाहण्यासारखं आहे. 2010 नंतर बरीच वर्षं अध्यक्ष होते रणिंदर सिंग, पतियाळाच्या राजघराण्यातले. 2024 मध्ये निवडून आले कलिकेश सिंह देव, ओडिशातल्या बलांगीरच्या राजघराण्यातले, माजी खासदार. दोघेही बंदूक चालवू जाणणारे आहेत, त्यात शंका नाही. आणि खेळाडू? खेळाडू आता आपल्या घाटावरून येतात. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, रेल्वेत नोकरी करणारा, 2024 मध्ये पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. फोंडाघाट चढून वर गेलं की त्याचं गाव काही फार लांब नाही. पदक आणणारा एका घरातला आणि खुर्चीवर बसणारा दुसऱ्या घरातला, हे आपल्या क्रीडा संघटनांत नवीन नाही.

'गन राइट्स' हा शब्द जसाच्या तसा घेऊन दिल्लीकडे संघटना निघाल्या त्या 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतरच्या काळात. मुद्दा सरळ: पोलीस वेळेवर पोचत नाहीत, मग माझं रक्षण मीच करायला नको का? भाषा इंग्रजी, कल्पना बरीचशी अमेरिकेतली, माणूस शहरातला. 2019 मध्ये केंद्र सरकारने शस्त्र कायद्यात दुरुस्ती आणली. एका परवानाधारकाला तीनऐवजी एकच हत्यार, असा मूळ बेत होता. ओरड झाली ती पंजाब-राजस्थानकडून, वाडवडिलांच्या बंदुका भिंतीवर असलेल्या घरांतून, आणि नेमबाजांकडून. सरकारने एकाचे दोन केले आणि नेमबाजांची सवलत राखली. परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली. या सगळ्या वादात शेतकरी हा शब्द कुणी काढल्याचं मला आढळलं नाही.

कायद्यात मात्र तो आहे, आणि चांगल्या जागी आहे. शस्त्र कायदा 1959, कलम 13, पोटकलम 3. त्यात म्हटलंय की खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर इतर अटी पुऱ्या होत असल्यास परवाना द्यायचाच; आणि ठासणीच्या बंदुकीने भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी, गुळगुळीत नळीची बंदूकही देता येईल. 'द्यायचाच' हे लक्षात घ्या. दिल्लीचा व्यापारी पिस्तुलासाठी जिवाला धोका असल्याचे पुरावे जोडत बसतो; कायदा ज्याच्यासाठी स्वतः एक पायरी खाली उतरलाय, तो भातशेती आणि काजूची बाग राखणारा.

ठासणीची बंदूक इथल्या तरुणांनी पाहिली नसेल. माझ्या मामांकडे, कुडाळ तालुक्यात, होती. माजघराच्या आढ्याला आडवी टांगलेली. डुकरं आली म्हणून कुत्री भुंकायला लागली की मामा ती उतरवायचे. नळीत मापाने दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. कानावर केप चढवायची, घोडा ओढायचा. तोवर डुकरं शेजारच्या कोपऱ्यात पोचलेली. मग मामा आभाळाकडे बार काढायचे, आणि तेवढ्यासाठीच ती बंदूक होती. मारलेलं डुक्कर मी त्या घरात पाहिलं नाही. मामी म्हणायची, "ह्येंचो बार फकत माका जागां करता."

विनोद बाजूला ठेवू. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर परवानाधारकाच्या हातात आवाज तेवढाच उरला. रानडुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी. गवा तर पहिल्या परिशिष्टातला, त्याला हातही लावायचा नाही. 2002 मध्ये कर्नाटकातून दोडामार्गात हत्ती उतरले, त्यांच्यापुढे एकनळी बंदूक घेऊन उभं राहण्याइतका वेडा आपल्याकडे कुणी नाही. म्हणजे आपल्या शेतकऱ्याची बंदूक ही मुख्यतः ढोल आहे. पण रात्री दोन वाजता बागेत एकट्या माणसाला हा ढोल लागतो.

आणि बरोबर हंगामात तो त्याच्याकडून काढून घेतला जातो. निवडणूक जाहीर झाली की 'हत्यारं जमा करा'. तारखा पाहा. विधानसभेचं मतदान 2014 साली 15 ऑक्टोबरला, 2019 साली 21 ऑक्टोबरला: भात पिवळं पडलेलं, कापणीला आलेलं. 2024 ची लोकसभा 16 मार्चला जाहीर झाली आणि निकाल 4 जूनला: काजू आणि आंब्याचा हंगाम बरोबर या दोन तारखांच्या मध्ये. बंदूक पोलीस ठाण्यात, नळीला दोऱ्याने चिठ्ठी, चिठ्ठीवर परवाना नंबर, नाव, गाव. परत मिळते तेव्हा मिरग तोंडावर आलेला असतो आणि नळीत गंज. त्यानंतर ग्रामपंचायत, मग जिल्हा परिषद. आपल्या पंचक्रोशीत निवडणुकीत बंदुकीने कुणी मतदाराला धमकावल्याचं कधी ऐकलंत? धमकवायला इथे भजनी मंडळाचं राजकारण पुरेसं आहे.

पोलीस मंडळी आली असतील तर हे त्यांच्यासाठी: सरसकट जमा करणं बंधनकारक नाही. 2009 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी पीठाने सांगितलं की प्रत्येक परवानाधारकाची वेगळी तपासणी करा. ज्याच्यापासून धोका आहे, गुन्हे आहेत, जामिनावर आहे, अशाच्याच बंदुका घ्या. त्यानंतर निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार जिल्ह्यात छाननी समिती असते, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांची. शेतकऱ्याला सूट मागता येते. पण ही सूट एकेकट्याने, अर्जावर कोर्ट फी स्टँप लावून, जिल्हा मुख्यालयी ओरोसला फेऱ्या मारून मागायची असते. काजू पडायच्या दिवसांत ओरोसला कोण जाणार?

कर्नाटकात कोडगूमध्ये पाहा. तिथल्या कोडवांना आणि जम्मा या वंशपरंपरागत पद्धतीच्या जमीनधारकांना 1861 पासून परवान्याची सूट आहे. स्वतंत्र भारताच्या सरकारने ती चालू ठेवली, 2019 मध्ये पुढच्या दहा वर्षांसाठी वाढवली, आणि 2021 मध्ये उच्च न्यायालयातही ती टिकली. कारण त्यांच्या मागे समाज म्हणून बोलणाऱ्या संघटना आहेत, बंदुकीला पूजणारा सण आहे, सैन्यात गेलेले जनरल आहेत. बंदूक तिथे ओळख बनली. आपल्याकडे ती अवजार राहिली. कोयता, कुदळ, बंदूक. अवजाराची कुणी संघटना काढत नाही. मला व्यक्तिशः हे आवडतं. कोडगूसारखं होऊ नये असंच मला वाटतं, कारण जिथे बंदूक जातीची ओळख बनते तिथे ती कुणाच्या घरात नसते हेही ठरून जातं, आणि आंबेडकरांचा शेजाऱ्याचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो.

तरी समजा, उद्या कुडाळात 'शेती संरक्षण बंदूक परवानाधारक संघ' निघाला. अध्यक्ष कोण होईल, मला आत्ताच दिसतोय. निवृत्त सुभेदार-मेजर, किंवा सावंतवाडीचे वकीलसाहेब, किंवा ज्यांची बाग गड्यांवर चालते असे बागायतदार आणि माजी सभापती. तिघेही भले असतील. सुभेदार शिस्तीचं बोलतील, वकील कलम 13 वाचतील, सभापती पालकमंत्र्यांना निवेदन देतील आणि त्याचा फोटो छापून आणतील. जिने नवरा मुंबईला गिरणीत असताना बाग उभी केली, आता तो वारल्यावर परवाना आपल्या नावावर करून घेण्यासाठी तलाठ्याकडे वारस नोंदीची वाट पाहते, आणि तोवर घरातली बंदूक ठाण्यात जमा आहे, ती बाई त्या फोटोत दिसणार नाही. अशा बायका माझ्या ओळखीत आहेत, तुमच्याही असतील.

मी तिला अध्यक्ष करीन. पहिला ठराव तिने काय मांडला असता हे मी एकीला विचारलं. बंदुकीचं नाव तिने काढलं नाही. म्हणाली, डुकरांनी भात लोळवल्यावर पंचनाम्याला माणूस दुसऱ्या दिवशी यायला हवा. आठ दिवसांनी येतो तेव्हा लोळवलेलं भात रुजून वर आलेलं असतं, आणि तो लिहितो, नुकसान आढळलं नाही.

प्रश्न असतील तर विचारा. आंबेडकरांबद्दलचा आधी घेऊ, त्यावर भांडण होणार हे ठाऊक आहे.